बाईंची वरची काच

बाईंचं पत्र येऊन बरेच दिवस झाले होते आणि काचवाल्याने अजून त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र चहाच्या डब्याला टेकवून उभं ठेवलेलं होतं. चहा करायला गेलं की ते समोर यायचं, म्हणून हल्ली त्याने चहाच कमी केला होता.

पत्र म्हटलं तर चार ओळींचं. बाई जन्मभर शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, आणि त्यांचं अक्षर असं की मुंगीनेही ओळ सोडून चालू नये. त्यांनी लिहिलं होतं, "आपण माझ्या वरच्या खिडकीची काच पुसत नाही. माझ्याकडून आपलं काय येणं राहिलं आहे, ते कृपया कळवावं. मी दर महिन्याला पैसे आपल्या हातात देते, असा माझा समज आहे. गल्लीचा समज वेगळा झाला आहे."

त्या शेवटच्या वाक्याने काचवाल्याची झोप उडवली होती.

माणूस भिडस्त. काचा पुसण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तो खिडकी पुसून गेला की पाखरं येऊन टकरा द्यायची. पण पैसे मागायची वेळ आली की त्याची दातखीळ बसायची. संध्याकाळी धुतलेला शर्ट घालून वसुलीला निघायचा, दार वाजवायचा आणि दार उघडलं की म्हणायचा, "सहज आलो होतो. तब्येत काय म्हणते?" तब्येत बरी असल्याचं ऐकून परत यायचा. दातांच्या डॉक्टरांकडे तर कहरच झाला. त्यांनी त्याला आत बोलावून खुर्चीत बसवलं, दात तपासले आणि तपासणीचे पैसे घेतले.

"धन्य आहे तुमची," बायको म्हणाली. "वसुलीला गेलात आणि फी भरून आलात."

मग त्याने घरोघरी चिठ्ठ्या टाकून पाहिल्या. लोकांनी त्या कागदांच्या पाठीवर वाणसामानाच्या याद्या केल्या. फोनवरून पैसे पाठवायचा चौकोनी ठिपक्यांचा कागद बायकोने त्याच्या बादलीला चिकटवला. पण बादली टांगलेली शिडीच्या टोकाला. गिऱ्हाइकं खालून हात उंच करून फोन नाचवायची, आणि साबणाच्या पाण्याने ठिपके आठवड्यात धुऊन निघाले.

शेवटी बायकोनेच तोडगा काढला. "तुम्ही तोंड उघडूच नका. ज्याचे पैसे आले नाहीत, त्याची वरची एक काच तशीच सोडा. बाकी सगळं घर लख्ख. काय बोलायचं ते ती काच बोलेल."

काच चांगलीच बोलली. दातांचे डॉक्टर दुसऱ्याच दिवशी स्वतः चालत आले. किराणावाल्याने मागचे सगळे महिने एकदम चुकते केले. काचवाल्याला वाटलं, आपल्यासारख्या मुखदुर्बळासाठी देवाने ही वाट आधीच काढून ठेवली असणार. पण ती काच ज्याची त्याला जशी दिसायची, तशी साऱ्या गल्लीलाही दिसायची, हे दोघा नवराबायकोंच्या लक्षातच आलं नव्हतं. लोक माना वर करून चालायला लागले. किराणावाला तर उधारी देण्याआधी दुकानाबाहेर येऊन गिऱ्हाइकाच्या खिडकीकडे एक नजर टाकायचा आणि मगच वजनकाट्याला हात लावायचा.

आणि या सगळ्यात बाईंची वरची काच धुळीने भरलेली होती.

ती राहिली होती वेगळ्याच कारणाने, आणि हा तोडगा निघण्याच्या कितीतरी आधीपासून. बाईंना साखर वर्ज्य होती. जिभेवर ताबा कसा ठेवावा, यावर त्या भेटेल त्याला ऐकवायच्या. किराणावाल्याच्या बायकोला तर त्यांनी यावर एक पुस्तकही वाचायला दिलं होतं. एके सकाळी काचवाला शिडी चढून त्यांच्या वरच्या खिडकीशी गेला, काचेला साबणाचा फेस फासला आणि रबराच्या पट्टीने तो एका दमात खाली ओढला. पलीकडे, हातभर अंतरावर, खुर्चीत बाई. मांडीवर जॅमची बरणी आणि तोंडात चमचा. दोघंही जागच्या जागी थिजले. काही सुचेना, म्हणून काचवाल्याने नमस्कारादाखल मान लववली. बाईंनीही लववली, चमच्यासकट.

तो खाली उतरला तो पुन्हा त्या खिडकीकडे चढला नाही. इतका की ती काच त्याच्या डोक्यातून पुसली गेली. पैसे थकवणाऱ्यांच्या काचा सोडायचं ठरलं, तेव्हा इथे एक काच आधीच सुटलेली आहे हे त्याला आठवलंसुद्धा नाही. आठवलं ते पत्र आल्यावर.

गल्लीत एक छोटं वाचनालय होतं आणि त्याच्या वर्गणीची पेटी वर्षानुवर्षं बाईंकडे असायची. आता लोक कुजबुजायला लागले की जिला काचेचे पैसे देणं जड जातं, तिच्याकडे सगळ्यांची पेटी कशाला? रविवारी सभासद जमणार होते. पेटी सांभाळायला दातांचे डॉक्टर तयार आहेत, असंही कानावर आलं.

"अहो, मग ती काच पुसून टाका ना," बायको म्हणाली.

"आता पुसली तर म्हणतील, चला, बाईंनी दिले एकदाचे पैसे."

"मग सांगा, पैसे बाकी नव्हतेच म्हणून."

"मग विचारतील, का नाही पुसली?"

"का नाही पुसली?"

काचवाल्याने चहाचा कप उचलला, खाली ठेवला. "तिथे ऊन फार येतं डोळ्यांवर."

"उत्तरेच्या खिडकीत."

त्याने कप पुन्हा उचलला.

"बरं, नका सांगू," बायको म्हणाली. "तुमच्या पोटात राहिलेली गोष्ट तुमची. पण त्या बाईंनी आपला एक महिना चुकवलेला नाही. हा उद्योग माझ्या डोक्यातून निघालाय, हेही मला कळतंय. काहीतरी करा."

शनिवारी तो नेहमीसारखा शिडी खांद्यावर टाकून निघाला आणि गल्लीतलं एकेक घर पुसत गेला. दातांच्या डॉक्टरांचं घर पुसलं, वरची एक काच सोडली. किराणावाल्याचं पुसलं, वरची एक सोडली. ज्यांनी पैसे आगाऊ दिले होते त्यांचीही सोडली. घरी आल्यावर स्वतःच्या खिडकीवरही मूठभर धूळ उडवली. बायको दारातून बघत होती. तोडग्याचा निकाल लागला हे तिला कळलं. तिने फक्त केरसुणी आत नेऊन ठेवली.

दिवेलागणीच्या आत लोक दाराशी जमले. सगळ्यात पुढे डॉक्टर.

"हे काय चाललंय? माझ्याकडून काही बाकी आहे?"

"नाही," काचवाला म्हणाला.

"मग माझी काच?"

"माझ्याकडे तर पावती आहे," किराणावाला मागून म्हणाला. "आता मी कुणाकडे बघून उधारी द्यायची?"

काचवाल्याचे कान लाल झाले. बायको मागे उभी होती. ती पुढे येईल असं त्याला क्षणभर वाटलं. ती आली नाही.

"तुमचे चुकते आहेत," तो म्हणाला. "यांचेही चुकते आहेत. आणि बाईंचेही. बाईंचे कधीच बाकी नव्हते. ती काच माझ्याकडून राहिली, चूक माझी. काच मळकी आहे म्हणजे पैसे दिले नाहीत, असं आता कुणी धरू नका."

"पण त्यांची का सोडलीस?" डॉक्टरांनी विचारलं.

त्याने खाली बघितलं. "तिथे चढायची भीती वाटायची."

आधी कुणालाच कळेना. मग किराणावाला हसायला लागला आणि सगळेच हसले. काचवाला शिडीला घाबरतो, म्हणजे कोळ्याला पाण्याची सर्दी. काचवाल्याने त्यांना पोटभर हसू दिलं. खोटं तो बोलला नव्हताच. भीती वाटायची हे अक्षरशः खरं होतं.

"आणि आता वसुली कशी करणार बाबा तू?" डॉक्टर डोळे पुसत म्हणाले.

"दार वाजवीन."

"आणि तब्येत विचारून परत जाशील."

"तब्येत नंतर विचारीन," तो म्हणाला. "आधी पैसे."

एवढं सलग बोलणं त्याच्या तोंडून गल्लीने प्रथमच ऐकलं होतं. लोक पांगले. डॉक्टर थोडे रेंगाळले, वर पाहून म्हणाले, "माझी काच मात्र सोमवारी पूस हो," आणि गेले. रविवारी पेटीचा विषय कुणी काढलाच नाही. पेटी बाईंच्या कपाटात होती तिथेच राहिली.

त्या दुपारी काचवाला उत्तर लिहायला बसला. पहिला कागद माफीतच संपला. दुसऱ्यावर त्याने जॅम हा शब्द लिहिला आणि कागदाचे बारीक तुकडे केले. तिसरा बराच वेळ कोराच राहिला. मग त्याने लिहिलं:

"बाईंना सादर नमस्कार. आपल्याकडून काही येणं नाही, कधीच नव्हतं. वरची काच मंगळवारी सकाळी पुसीन. चढण्याआधी शिडी भिंतीवर दोनदा आपटीन आणि मोठ्याने खोकेन. आमच्या धंद्यात काचेवरचे डाग तेवढे दिसतात, पलीकडचं काही दिसत नाही. उत्तराला उशीर झाला, क्षमा असावी."

"खोकणार कशाला?" बायकोने खांद्यावरून वाचून विचारलं.

"सवय आहे."

"आजपर्यंत ऐकली नाही ती." तिने जास्त विचारलं नाही. "बाईंचं दार चार पावलांवर आहे. तिथेच फटीतून टाका ना. तिकिटाचे पैसे कशाला?"

"पत्र टपालाने आलं होतं," तो म्हणाला. "उत्तरही टपालानेच जायला हवं."

"त्यांचं घर ओलांडून पेटीकडे जाणार, आणि पोस्टमन पेटीतून काढून पुन्हा त्यांच्याच घरी आणणार."

"हो."

त्याने तिकीट चिकटवलं आणि पत्ता नीट घोटून घोटून लिहिला, कारण बाई अक्षर तपासतील याची त्याला खात्री होती. मग चपला घातल्या. बाईंच्या घरावरून जाताना मान खाली घालून, जरा भरभर चालला. कोपऱ्यावरच्या टपालपेटीत पत्र अर्धं आत सरकवलं, परत ओढून पत्त्यावर एकदा नजर फिरवली आणि सोडून दिलं.