सुधारलेली शेगडी

गोबरगॅसची टाकी चांगली हातभर वर आली होती. म्हणजे पोटात गॅस भरपूर होता. तरी स्वयंपाकघरातली शेगडी काही पेटायला तयार नव्हती. अक्काबाईनं काडी ओढून शेगडीच्या तोंडाशी धरली. निळा जाळ भप्पदिशी उठला, दोनदा थरथरला आणि विझला. दुसऱ्या काडीलाही तेच. तिसऱ्या काडीला तर जाळ उठलाच नाही, नुसता घाण वास सुटला.

"आत्या, चूल पेटवू का?" गीताबाईनं, तिच्या सुनेनं, दारातून विचारलं.

"न्हाई."

"पीठ मळून ठिवलंय वो."

"न्हाई म्हनलं न्हवं!"

गीताबाई परातीसकट मागच्या पडवीत गेली आणि थोड्याच वेळात तिकडून धूर यायला लागला. भाकरीचा खमंग वासही आला. अक्काबाईला त्या वासाचाच राग आला.

शिवऱ्यात अक्काबाईचं यंत्रवेड सगळ्यांना ठाऊक होतं. आळीत पंपाचा स्टो पहिल्यांदा तिनं आणला आणि पहिल्याच दिवशी एक भुवई जाळून घेतली. नवरा वारल्यावर चार बायका समजूत घालायला आल्या, तेव्हा ती ट्रान्झिस्टरची एरियल कुठल्या दिशेला धरली की पुणं नीट लागतं ते बघत होती. बायकांनी त्यावरून नावं ठेवली. पण त्याच बायका पुढं दुपारच्या श्रुतिका ऐकायला तिच्या ओसरीवर येऊन बसायच्या. तो ट्रान्झिस्टर गोठ्यात टांगला की म्हैस लवकर पान्हा सोडते, असंही तिचं म्हणणं होतं. म्हशीचं काय म्हणणं होतं ते कुणी विचारलं नाही.

गोबरगॅस तिनं भोरच्या शेतकी प्रदर्शनात बघितला. शेणातून जाळ निघतो, तो निळा असतो आणि भांडं काळं होत नाही, हे डोळ्यांनी बघितल्यावर तिचं चित्त दुसरीकडं लागेना. रॉकेलसाठी तासन् तास डबा घेऊन उभं राहायचे दिवस होते ते. तिचा मुलगा रखमाजी एसटीत कंडक्टर होता. "आये, आता ह्ये नवीन काय?" असं त्यानं म्हणून बघितलं. पण गोठ्यामागं खड्डा खणला गेला, विटांची विहीर बांधली गेली आणि तिच्यावर लोखंडाची मोठी टोपी उपडी बसली. त्या टोपीलाच सगळे टाकी म्हणत. खाली शेणकाला कुजायचा, गॅस धरायचा आणि टाकी तोल सावरत वर यायची. ज्या दिवशी शेगडी पहिल्यांदा पेटली त्या दिवशी अक्काबाईनं अख्ख्या आळीला चहा पाजला. शेजारचा गेनू बशी तोंडाजवळ नेऊन आधी हुंगत राहिला.

"पी की मर्दा, शेण न्हाई घातलं त्यात," अक्काबाई म्हणाली.

उन्हाळाभर गॅस झकास चालला. दोन्ही वेळचा स्वयंपाक त्याच्यावर व्हायचा. मग गोबरगॅस योजनेचे शिंत्रे साहेब सुधारणा घेऊन यायला लागले.

शिंत्रे साहेब माणूस वाईट नव्हता. तरुण पोरगा होता, फटफटीवरून यायचा, अक्काबाईला वाकून नमस्कार करायचा. पण दर खेपेला त्याच्या पिशवीत काहीतरी नवीन असायचं. पहिल्या खेपेला म्हणाला, शेण आणि पाणी बरोबरीनं घालू नका, पाणी वाढवा, आता प्रमाण सुधारलंय. अक्काबाईनं पाणी वाढवलं आणि टाकी आठवडाभर बसली ती उठेना. पुढच्या खेपेला साहेब म्हणाला, पहिलंच प्रमाण ठीक होतं. मग म्हणाला, रबराची नळी धोक्याची, लोखंडी टाका. लोखंडी नळी टाकली तर तिच्यात पाणी साचायला लागलं आणि शेगडीला उचक्या लागल्या. कापूरहोळचा मिस्त्री गाठून नळीच्या सखल भागाला एक तोटी बसवून घेतली, रोज सकाळी साचलेलं पाणी काढायची सवय लावून घेतली, तेव्हा कुठं गाडी रुळावर आली.

आणि ती आली म्हणेपर्यंत ही नवी शेगडी आली.

"सुधारित आहे, अक्का. गॅस कमी खाते."

"माजी जुनी काय वाईट हाय? चालतंय ती चालू द्या की साहेब."

"जुनी आम्हाला जमा करावी लागते. नवीन घेतली की जुनी परत न्यायची, असा नियम आहे."

अक्काबाईचा नाही म्हटलं तरी नव्या वस्तूवर जीव जायचा. शेगडी होतीही देखणी, चकचकीत, काळ्या मुठीची. तिनं हातात घेऊन उलटीपालटी करून बघितली आणि तिथंच फसली. साहेबानं जुनी शेगडी पोत्यात घातली, फटफटीला बांधली आणि तो गेला. त्या दिवसापासून घरात नीट जाळ झाला नव्हता. भोक तुंबलं असेल म्हणून तिनं बाभळीच्या काट्यानं टोकरून बघितलं. रखमाजीला मिस्त्रीकडून पिन आणायला सांगून ठेवलं, तर एक दिवस त्यानं धावत्या गाडीच्या दारातून हात बाहेर काढला आणि ओरडला, "आये, पिन घे! मिस्त्रीनं दिलीया!" गाडी थांबलीच नाही. पिन धुळीत पडली. ती शोधायला अक्काबाई हमरस्त्याच्या कडेला गुडघ्यावर बसली आणि येणारे-जाणारे ट्रकवाले बघत राहिले. पिननंही काही झालं नाही.

आणि आज वेल्ह्याकडच्या बायका हा गॅस बघायला येणार होत्या. तसा शिंत्रे साहेबाचा निरोप कालच आला होता. पुण्याहून मोठे साहेबही येणार होते.

अक्काबाईनं शेगडी खोलली, पुसली, पुन्हा बसवली. नळीतलं पाणी काढलं. टाकी धरून गोल फिरवली, म्हणजे खालच्या शेणकाल्यावरची साय मोडते. वारा लागत असेल म्हणून खिडकीला पोतं लावून बघितलं. काड्यापेटी संपत आली. तिला रडावंसं वाटत होतं, पण रडून यंत्र चालतं असं कुठं बघितलं नव्हतं.

ऊन चढल्यावर ट्रक आला. त्यातून वीस-पंचवीस बाया उतरल्या. डोंगरातल्या बाया त्या, माथ्यावरच्या सड्यावरून सरपणाचे भारे आणून आणून माना ताठ झालेल्या. मागून जीप आली. मोठे साहेब उतरले, पिकलेल्या केसांचे, शांत. शिंत्रे साहेबानं टाकी दाखवली, नळी दाखवली, हातवारे करून सगळं समजावलं. बाया टाकीभोवती फिरल्या, एकीनं बोटानं टिचकी मारून बघितली. मग सगळ्या ओसरीवर टेकल्या.

अक्काबाईनं शिंत्रे साहेबाला दाराआड ओढलं. "साहेब, शेगडी जळंना झालीय. तुमास्नी दोन निरोप धाडले म्या."

साहेबाचा चेहरा उतरला. तो हळूच म्हणाला, "आजच्या दिवस निभावून न्या, अक्का. चहा आतूनच येऊ द्या. मग मी बघतो."

मागच्या पडवीत गीताबाईनं कधीच चुलीवर आधण ठेवलं होतं. कुणी सांगायची वाट तिनं बघितली नव्हती. चहा आला. बाया फुंकर घालून प्यायल्या. मोठे साहेबही प्यायले आणि म्हणाले, "वा! झाला की झटपट."

बायांमध्ये सगुणाबाई म्हणून एक होती, काटक, उन्हानं रापलेली. तिनं कप खाली ठेवला नाही. अक्काबाईकडं बघत म्हणाली, "अक्का, ह्यो च्या ग्यासवरचा हाय न्हवं?"

"अर्थात," शिंत्रे साहेब म्हणाला.

"तुमास्नी न्हाई, त्यास्नी इचारलं म्या."

गीताबाई किटली घेऊन दारातच थांबली. अक्काबाईनं सगुणाबाईच्या हातांकडं बघितलं. लाकडं तोडून बोटं वाकडी झालेली होती. ही बाई घरी जाऊन नवऱ्याशी भांडेल, खड्डा खणायला लावेल आणि मग तिच्या शेगडीतून नुसता वास येईल.

"न्हाई," अक्काबाई म्हणाली. "चुलीवरचा हाय. माज्या सुनंनं केलाय."

शिंत्रे साहेब जमिनीकडं बघायला लागला. एक-दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. त्या हसण्यानं अक्काबाईच्या डोक्यात जे काय आठ-पंधरा दिवस साठलं होतं ते सगळं वर आलं.

"हसताय कशाला? ग्यास खोटा न्हाई! उनाळाभर म्या ह्याच्यावर रांधलंय, इचारा त्या गेनूला! टाकी बगा कशी फुगलीया. पर ह्या लोकांस्नी चालत्या गाड्याला खीळ घालायची सवं हाय. पानी वाडवा, पानी कमी करा, नळी काडा, नळी घाला! माजी शेगडी सोन्यावानी व्हती, ती न्हेली पोत्यात घालून आनि ही नटवी दिली. धड जळत न्हाई, नुसती काड्या खातीया!"

मोठ्या साहेबांनी कप खाली ठेवला. ते रागावतील असं सगळ्यांना वाटलं. पण ते उठून थेट आत गेले, शेगडीपुढं उकिडवे बसले, त्यांनी काडी लावून जाळ उठताना आणि विझताना बघितला. मग गोठ्यामागं जाऊन टाकीकडं बघितलं.

"टाकीवर वजन ठेवलं नाही का?" त्यांनी विचारलं.

"कसलं वजन?" अक्काबाई म्हणाली.

"या शेगडीचं भोक बारीक असतं. तिला गॅस जोरात लागतो. टाकीवर दगड ठेवायचे, म्हणजे दाब वाढतो. शिंत्रे, हे सांगितलं नाहीत यांना?"

शिंत्रे साहेबाचे कान लाल झाले होते. "मला वाटलं, मी... सांगायचं राहिलं असावं, सर."

अक्काबाई दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिली.

पण डोंगरातल्या बायांना दगडाचं काही नवल नव्हतं. सगुणाबाईनं पदर खोचला, कुंपणाच्या गडग्यातला एक चांगला थोरला दगड उचलला आणि दुसरीच्या हातात दिला. दुसरीनं तिसरीच्या. "एका अंगाला नको, चारी बाजूंनी सारखे ठेवा, नाहीतर कलेल," मोठे साहेब सांगत होते. टाकी जराशी दबली. सगळ्या आत धावल्या. अक्काबाईनं काडी लावली.

जाळ उठला तो आवाज करतच उठला. निळा, ताठ, जागचा न हलणारा. बायांनी "अगं बया!" केलं. गीताबाईनं लगेच मोठं पातेलं चढवलं आणि यावेळी खरोखरच गॅसवरचा चहा झाला. सगुणाबाईनं पातेल्याचं बूड वाकून बघितलं. ते काळं झालं नव्हतं.

सगळे खूश झाले, एक अक्काबाई सोडून. "एवडी एक गोष्ट पयल्या दिवशी सांगायला काय झालं व्हतं?" ती जाळाकडं बघून बोलत होती, जणू शेगडीलाच विचारत होती. "दगुडच ठिवायचं व्हतं. दगडाला काय तोटा हाय व्हय आमच्याकडं? रस्त्यावर धुळीत पिना हुडकाय लावल्या मला!"

शिंत्रे साहेबानं हात जोडले. "चुकलं, अक्का. तुमची जुनी शेगडी परत आणून देतो."

"नका आनू. आता हिची सवं व्हईल तवर तुमी तिसरी काडाल."

जाताना सगुणाबाई ट्रकवर एक पाय ठेवून मागं वळली. "अक्का, आमच्याकडं बसवला तर तुमी याल का? एसटीनं या की. साहेब लोक बसवून जातील, पर कुठं काय ठिवायचं ते कोन सांगनार?"

"यीन की. पर म्या सांगते ती नीट ऐक. थंडीत ग्यास कमी धरतो. चूल मोडू नगंस."

"न्हाई मोडत," सगुणाबाई म्हणाली.

ट्रक गेला, जीप गेली. सांजच्याला अक्काबाई हौसेनं भाकरीला बसली. आज चूल नाही, धूर नाही, असं गीताबाईला दोनदा बजावून झालं होतं. तिनं तवा ठेवला, काडी लावली. जाळ उठला आणि बघता बघता खाली खाली येऊन गेला. तिनं बाहेर जाऊन बघितलं. दिवसभर बायांना दाखवायला शेगडी जळतच ठेवली होती. त्यात दगडांचं ओझं. टाकी तळाला टेकली होती.

ती तशीच मागच्या पडवीत आली आणि चुलीपुढं बसली. फुंकणी घेऊन फुंकायला लागली. लाकूड ओलं होतं, धूर डोळ्यांत गेला. ती शिव्या देत होती, शेगडीला, दगडांना, साहेबाला, पुण्यापर्यंतच्या सगळ्यांना. गीताबाई भाकरी थापता थापता हसू दाबत होती.

"हस, हस," अक्काबाई डोळे पुसत म्हणाली. "सकाळी दोन पाट्या शेन जादा घालनार हाय म्या."

"घाला की आत्या. म्या पानी आनून देते." गीताबाईनं भाकरी तव्यावर टाकली. मग तोंडावरचा धूर हातानं बाजूला करत म्हणाली, "ह्यो धूर मलाबी आता सोसंना झालाय."

अक्काबाईनं फुंकणी तोंडापासून काढली आणि सुनेकडं बघितलं. मग पुन्हा फुंकायला लागली.