तिसऱ्यांदा विचारलं

माझी थोरली बहीण गोलनार सिनेमे लिहिते, तीच ते काढते. आम्ही इराणहून स्वीडनमध्ये माल्मोला आलो तेव्हा ती चांगली बारा वर्षांची होती, त्यामुळे आपल्या रीतीभाती तिला ठाऊक नव्हत्या असं कुणी म्हणू नये. पहिल्या दोन सिनेमांसाठी इथल्या पेपरांनी तिला डोक्यावर घेतलं. तिसऱ्यासाठी तिनं तूबामावशीची गोष्ट घेतली.

पहिल्या नवऱ्याला सोडताना मावशीला तान्हा मुलगा शिराझला सासरीच ठेवावा लागला. माल्मोत हे आम्हा दोघींनाच माहीत. तिच्या इथल्या मुलीला, नसरीनलाही नाही. चहा पिता पिता गोलनारनं विचारलं होतं, "मावशी, यावर लिहू?"

"लिही की ग! माझं काय, सगळं तुझंच. जीवसुद्धा घे."

आमच्यात असंच बोलतात. दुकानदारसुद्धा आधी पैसे नकोच म्हणतो. म्हणून तीनदा विचारायचं, खरं उत्तर तिसऱ्यांदा येतं. गोलनार मात्र "थँक्यू मावशी" म्हणून उठली.

सिनेमा लागण्याआधी तिनं तो मावशीला दाखवला. गाडीतून मीच घेऊन गेले. दिवे लागल्यावर मावशीनं आमच्या रीतीनं आभार मानले, "हात दुखू नयेत ग तुझे. किती सुंदर केलंयस!"

गोलनारचा चेहरा उतरला. मावशी रागावली असती तर बिचारीला बरं वाटलं असतं.

"नको असेल तर सांग, मावशी. मुलाचा भाग काढून टाकते."

"छे! एवढी राबलीस."

"खरं सांग. नसरीन बघेल."

"बघू दे की. मला तू काय, ती काय."

पण मावशी निघेना. कोटाचं एकच बटण लावत होती, काढत होती. ती कशाची वाट बघतेय ते आम्हा दोघींनाही कळलं. आणि मुलाचा भाग म्हणजेच अख्खा सिनेमा होता.

गोलनारनं तिसऱ्यांदा विचारलं. स्वीडिशमध्ये.

मावशीचं स्वीडिश एवढंसं. दातांचा डॉक्टर काही म्हणाला की "चालेल", घरमालक भाडं वाढवतो म्हणाला तरी "चालेल". तिनं गोलनारकडे जरा वेळ पाहिलं, मग त्याच भाषेत म्हणाली, "चालेल, चालेल."

ती लिफ्टकडे वळल्यावर गोलनारनं माझा दंड घट्ट धरला. डोळे भरलेले, स्वतःचीच लाज वाटत होती तिला.

"तीनदा विचारलं मी. तू होतीस ना? विचारलं ना?"

"विचारलंस," मी म्हटलं. मलाही सिनेमा आवडला होता, काय करू?

गाडीत पट्टा लावताना मला मावशीकडे बघवेना.

"घरी नको," ती म्हणाली. "नसरीनकडे ने. पडद्यावर बघण्याआधी मीच सांगते तिला."