दोरी मला बांधली होती

मित्रांनो, मी एक जुनी ट्यूब आहे. रंग काळा, अंगावर तीन ठिगळे आणि पितळेचा एक व्हॉल्व्ह. एके काळी मी जीपच्या चाकात राहत असे. चाकातले आयुष्य म्हणजे काळोख, उकाडा आणि खड्डे. रस्ता कसा दिसतो हे मला कधी कळले नाही, खिळ्यांशी मात्र चांगली ओळख झाली. पुढे जीप भंगारात गेली आणि ज्या पंक्चरवाल्याने मला ही ठिगळे लावली, त्याच्याच दुकानात मी खुंटीवर लटकले.

पंक्चरवाला हवेचे माप मीटरवर कमी आणि अंगठ्याने जास्त पाहायचा. अंगठा दाबला की चाकाची तब्येत त्याला समजे. गिऱ्हाइके म्हणत, "तुमचा अंगठा म्हणजे डॉक्टरच!" आणि स्वारी खूश होई.

एका सुट्टीला पंक्चरवाल्याच्या घरच्यांनी डोंगरावरच्या तळ्यावर जायचे ठरवले. मोठ्या मुलाने मला खुंटीवरून ओढून काढले आणि माझा आनंद गगनात मावेना. जन्मभर ओझे वाहिले, आता पोरांना खेळवायला मिळणार होते! दुकानासमोर पंक्चरवाल्याने माझ्यात हवा भरली आणि मला गाडीच्या टपावर बांधले.

घाट चढू लागलो तशी मी फुगू लागले. उंचावर बाहेरची हवा विरळ होते, मग आतली हवा हातपाय पसरते. त्यात डोक्यावर ऊन. तळ्यापाशी पोहोचेपर्यंत मी टम्म झाले होते. पंक्चरवाल्याने सवयीने अंगठा दाबला.

"अरे बापरे, फुटेल ही!" असे म्हणून त्याने बरीचशी हवा सोडली. पुन्हा अंगठा दाबला आणि समाधानाने मान हलवली. चाकाच्या बाबतीत तो अंगठा कधी चुकत नसे. पण मला आता गार पाण्यात उतरायचे होते, आणि गारठ्याने हवा आक्रसते. मला हे ठाऊक होते. सांगणार कशी? व्हॉल्व्हमधून फक्त फुस्स आवाज येतो.

"अहो, दोरी बांधा हं. धाकटीला पोहता येत नाही," आई म्हणाली.

"बांधतो गं. तू डबे उघड, पोरं आल्या आल्या खायला मागतील."

त्याने खरोखरच दोरी बांधली. गाठ अशी पक्की की ट्रकसुद्धा ओढता आला असता. फक्त ती त्याने मला बांधली, मुलीला नाही.

धाकटी माझ्या मधोमध शिरली, दोन्ही काखा माझ्यावर टेकवल्या आणि पाय मारू लागली. "दादा, बघ, मी बोट!" ती ओरडली. काठावरून दादा टाळ्या वाजवत होता. आणि मी मऊ पडत चालले होते. आधी ठिगळांपाशी सुरकुती आली, मग माझी एक बाजू लोंबली. मी जीव खाऊन ताठ राहायचा प्रयत्न केला, पण हवाच आखडली तर मी काय करणार?

"बाबा, ट्यूबचं पोट बसलं!" धाकटी किंचाळली.

पंक्चरवाल्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला. "घट्ट धर बाळा, ओढतो तुला!" तो ओरडला आणि त्याने जोर लावून दोरी ओढली. मी दुमडले. तिचे ओले हात माझ्यावरून सरकले. तिला धरून ठेवावे असे मला इतके वाटले, मित्रांनो, इतके वाटले! पण मला हात नाहीत. मी काठाकडे धावत सुटले, हलकी आणि रिकामी.

आईने हातातला डबा टाकला. अंगावरच्या कपड्यांनिशी ती पाण्यात घुसली. पाणी गळ्याशी आले तेव्हा तिच्या हाताला एक दंड लागला. धाकटी खोकली, ओकली आणि मग मोठ्याने रडली. त्या रडण्याने सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पंक्चरवाला मात्र दोरी हातात घेऊन तसाच उभा होता.

मला कोणी बोल लावला नाही. लावला असता तर बरे वाटले असते. मी पुन्हा खुंटीवर आले. पंक्चरवाला आता प्रत्येक चाकाला मीटर लावतो. "डॉक्टर रजेवर का?" गिऱ्हाइके विचारतात. तो हसत नाही.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना जपा असे सांगायची रीत आहे. मी उलटे सांगते. मला जपू नका, माझ्यावर भरवसाही ठेवू नका. पाण्यात लेकराजवळ माणूस हवा, हात पोचेल इतका जवळ.

काल धाकटीने दादाकडून मला खुंटीवरून काढून घेतले. अंगणात ठेवून माझ्या मधोमध तिने आपली बाहुली बसवली आणि दोरी शोधून आणली. पंक्चरवाला दुकानातून बघत होता. तिने दोरीचे एक टोक बाहुलीच्या कमरेला बांधले, नीट, दोन गाठी मारून. दुसरे टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळले.

पंक्चरवाल्याने हातातले चाक खाली ठेवले आणि तो अंगणात येऊन तिच्याशेजारी बसला.