पिशवी राहू द्या

ती लहान मुलांना पोहायला शिकवायची. स्वतःचं मूल व्हावं म्हणून दोघं नवरा-बायको डोळ्यांत प्राण आणून वाट पाहत होती आणि नेमका तेव्हाच तिच्या गर्भाशयाच्या मुखाशी कॅन्सर निघाला. गाठ लहान होती, कुठे पसरलेली दिसत नव्हती.

तिच्या आईने ऐकल्याबरोबर निकाल देऊन टाकला: पिशवी काढून मोकळी हो. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा.

सर्जनबाईंनी दुसरी वाट सांगितली. रोबोच्या मदतीने फक्त मुख आणि त्याच्या कडेचा भाग काढायचा, पिशवी ठेवायची, गर्भ टिकावा म्हणून खाली कायमचा टाका घालायचा. मूल होईलच असं नाही. राहिलंच तर वेळेआधी येण्याची भीती आणि बाळंतपण सिझेरियननेच. नवऱ्याने चाचरत विचारलं, यंत्र मध्येच अडकलं तर? बाई हसून म्हणाल्या, ते आपल्या मनाने काही करत नाही, हात माझेच असतात.

घरी आईने पुन्हा विषय काढला. नातवंड नको, तू हवीस, म्हणाली.

"जगायचं मलाही आहे, आई. पण दार उघडं राहू शकतंय, तर मी आपणहून का लावून घेऊ?"

ऑपरेशनला नेताना तिने सर्जनबाईंचा हात धरला. "आजूबाजूच्या ग्रंथींत काही सापडलं तर सगळं काढा. नाहीतर पिशवी राहू द्या."

शुद्धीवर आली तेव्हा घसा कोरडा पडला होता, विचारता येईना. नवरा वाकून म्हणाला, "आहे."

पुढे काही महिन्यांनी ती पुन्हा पाण्यात उतरली. दुसऱ्या वर्षी दिवस राहिले आणि चौथ्या महिन्यात गर्भपात झाला. आई येऊन राहिली. स्वयंपाक केला, कपड्यांच्या घड्या घातल्या, पण 'मी सांगत होते' असं चुकूनही म्हणाली नाही.

नंतरच्या तपासणीत कॅन्सरचा मागमूस नव्हता. शरीर सावरलं की पुन्हा प्रयत्न करायला हरकत नाही, असं सर्जनबाई म्हणाल्या. बाहेर बाकावर आई बसली होती. लेकीने बाहेर येऊन तिला ते सांगितलं. आईने पर्स बाजूला सरकवून तिला जागा करून दिली.

"मलाही नातवंड व्हावं असं फार वाटतं गं," आई म्हणाली. "तुला ओझं होईल म्हणून बोलले नाही, इतकंच."