खंडेनवमीचे गमबूट

चूक माझी. आधीच सांगून टाकते, नंतर कुणी म्हणायला नको की मनकर्णानं अर्धीच गोष्ट सांगितली.

एकोणीस वर्षं झाली मला या प्लांटात. हैदराबादचं सांडपाणी मुसी नदीत सोडायच्या आधी साफ करायचे प्लांट नदीकाठी आहेत, त्यातला हा एक छोटा. अंबरपेठेतून दोन बस बदलून येते मी. केमिकलची खोली माझ्याकडं. तिथं हायपोची टाकी असते. हायपो म्हणजे ब्लीचचंच पाणी, पण घरच्या बाटलीपेक्षा कैक पट कडक. खोली झाडणं, पुसणं, कुठं गळतंय का बघणं हे माझं काम. पंप आणि व्हॉल्व हिम्मतरावांचे.

हिम्मतराव ऑपरेटर. देगलूरकडचे, शेतीवाल्या घरातले. मीही तिकडचीच, फक्त गावाच्या दुसऱ्या टोकाची. समजायचं ते समजा. एक दिवस आमचं भांडण झालं नाही तर लॅबमधली भाग्यलक्ष्मी विचारते, "मावशी, तबियत ठीक आहे ना?"

यंदाचं भांडण नवरात्राचं होतं. मागच्या साली हिम्मतरावांच्या पायाला जखम झाली. शुगरचा माणूस, जखम चिघळली. डॉक्टर म्हणाले, पंजा काढावा लागेल. त्यांच्या बायकोनं, कुसुमताईंनी, माहूरच्या देवीला नवस बोलला आणि पाय वाचला. नवस काय, तर पाय वाचला म्हणून यंदा नऊ दिवस नवऱ्यानं अनवाणी चालायचं! मी कपाळाला हात लावला.

"अहो, ज्या पायासाठी नवस, तोच उघडा ठेवता?"

"देवीचं काम आहे, बाई. तुम्ही नका बोलू."

"देवीला कोण बोलतंय? मी तुम्हाला बोलते. गमबुटाशिवाय आत यायचं नाही, भिंतीवर तीन भाषांत लिहिलंय."

"मग मी बाहेरूनच बघतो नऊ दिवस."

आणि खरंच, आठ दिवस दाराबाहेर उभं राहून मला हुकूम सोडत होते. दाढीही वाढवलेली, नवरात्रात करत नाहीत म्हणून.

नववा दिवस खंडेनवमीचा. प्लांटात त्या दिवशी मशिनींची पूजा असते. मी बाबासाहेबांची लेक, पूजेला हात जोडत नाही. पण हार चढवायला साहेबासकट सगळे माझ्या खोलीत येणार. पूजा करत नाही म्हणून बाईनं कोपरा सोडला, असं कुणी म्हणायला नको होतं मला. पंपाखाली हायपोचे पांढरे खपले धरले होते, घासून निघेनात. संडासासाठी आणलेलं ॲसिड अर्धा कॅन शिल्लक होतं. हायपो आणि ॲसिड एकत्र आलं की विषारी वायू सुटतो, हे नव्या माणसांना मीच शिकवते. पण फरशी मला कोरडी दिसली. म्हटलं, थोडंसंच टाकू. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते काही उगाच नाही.

पंपामागचा पाइपाचा जोड ठिबकत होता, ते मी पाहिलंच नाही. ॲसिड वाहत तिकडं गेलं आणि जमिनीवरून पिवळसर धूर उठला. ठसका असा लागला की डोळ्यांपुढं अंधारी. हातातला कॅन सुटला, आदळला तो नेमका त्या जोडावर. थेंबाची धार झाली. भिंत चाचपडत मी कशीबशी बाहेर पडले.

माझा खोकला ऐकून हिम्मतराव पळत आले. भाग्यलक्ष्मी ऑफिसातून गॅसचा मास्क घेऊन धावली. शहाणी पोर, तिनं आधी वारं बघितलं. वारं कुंपणाच्या भिंतीकडं वाहत होतं. भिंतीपलीकडं वस्ती, आणि दसरा उद्यावर, म्हणून बाया अंगणात झेंडूचे हार करत बसलेल्या, लेकरं जवळच खेळत होती. "वस्ती खाली करा!" म्हणून तिनं गार्डला पिटाळलं आणि फायर ब्रिगेडला फोन लावला. ते म्हणाले, वीस मिनिटं. टाकीचा व्हॉल्व बंद होईतो धूर काही थांबणार नव्हता.

"पाप माझं, मी जाते," मी म्हटलं, आणि खोकत खाली बसले.

"तो व्हॉल्व तुमचं ऐकायचा नाही. त्याला माझ्या हाताची सवय आहे," म्हणत हिम्मतरावांनी मास्क चढवला आणि तसेच अनवाणी निघाले.

मी त्यांचा दंडच धरला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

"खाली ॲसिड आहे. बूट घाला!"

"उद्या सकाळी नवस सुटतोय, बाई."

"उद्या सकाळी पाय राहिला तर ना!"

त्यांचे बूट नऊ दिवस घरीच पडून, म्हणून मी तिथंच फतकल मारून माझ्या पायातले गमबूट उपसले. आमच्या स्टोअरवाल्याला बाईमाणसाचं माप ठाऊक नाही. इतकी वर्षं मला पुरुषांचे नऊ नंबरचेच देतो, पुढं चिंध्या कोंबून मी घालते. ते बूट मी त्यांच्यापुढं ठेवले. त्यांनी बुटांकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्यांच्या आजोबाच्या दारापुढून जाताना माझी आजी पायातल्या वहाणा हातात घ्यायची. हे मलाही माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं.

"आई, माफ कर," ते देवीला म्हणाले आणि माझे बूट घालून आत गेले.

किती वेळ गेला सांगता येत नाही. धूर दिसत होता, माणूस दिसत नव्हता. मी त्यांच्या नावानं ओरडत होते, शिव्याही दिल्या असतील. मग धार पडल्याचा आवाज थांबला. आणि ते दारातून बाहेर आले, चार पावलं चालले आणि कोसळले. दाढीमुळं मास्क तोंडाला घट्ट बसलाच नव्हता.

ॲम्ब्युलन्स त्यांना घेऊन गेली. फायर ब्रिगेडवाले मास्क लावून आत शिरले. आम्ही वारं पाठीशी घेऊन, लांब राहून, वाळूच्या पोत्यांनी गटाराचं तोंड बुजवलं, कारण ते हायपो-ॲसिडचं पाणी सांडपाण्याच्या मोठ्या टाकीत गेलं असतं तर घाण खाणारे जिवाणू सगळे मेले असते. भाग्यलक्ष्मी त्यांना "माझी पोरं" म्हणते. मग पाण्याचा मारा, मग ॲसिड मारायला सोडा, मग परत पाणी. ते सगळं वेगळ्या खड्ड्यात ओढून घेतलं. वस्तीत कुणाला काही झालं नाही. हे ऐकलं तेव्हा मी पहिल्यांदा रडले. मग साहेबांपुढं जाऊन सांगितलं, ॲसिड मी टाकलं. साहेब म्हणाले, लिहून द्या. दिलं.

दुपारी दवाखान्यात गेले. हिम्मतरावांच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती. शेजारी कुसुमताई. खाटेखाली माझे बूट, तळवे ॲसिडनं खाल्लेले. डॉक्टर सांगून गेले होते, छाती आठ दिवसांत बरी होईल. बूट नसते तर मात्र तो पाय ठेवता आला नसता.

मी कुसुमताईंपुढं उभी राहिले. "ताई, माझ्या चुकीनं झालं."

"ते कळलं मला," त्या म्हणाल्या. "पाय कुणामुळं राहिला, तेही कळलं."

त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

हिम्मतरावांची वेगळीच रड. "नवस मोडला हो, बाई."

"देवीला सांगा, मनकर्णानं मोडला. तसंही माझं नि तिचं जमत नाही."

कुसुमताई हसल्या, मग खाली बघत म्हणाल्या, "अगंबाई, तुम्ही अनवाणी?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. चपला केमिकलच्या खोलीत राहिलेल्या. सकाळपासून मी तशीच फिरत होते, रिक्षातही तशीच बसले.

हिम्मतरावांनी माझ्या पायांकडं बघितलं. "मग मोडला नाही," ते हळूच म्हणाले. "माझ्या वाटणीचं तुम्ही चालताय."

"गप पडा," मी म्हटलं. पण नीट रागावताही आलं नाही.

परत येताना भाग्यलक्ष्मीनं सुलतान बाजारात रिक्षा थांबवली. "मावशी, चप्पल घेऊ या." मी म्हटलं, नक्को. घरी दाराशी दुसरा जोड होता, तोही घातला नाही. देवीबिवी मी मानत नाही, कधी मानणारही नाही. पण त्या माणसाला मानते. माझ्या हातून अख्ख्या वस्तीचा घात झाला असता, तो त्यानं माझ्या बुटात पाय घालून टाळला.

दुसऱ्या दिवशी दसरा, आमचा धम्मचक्राचा दिवस. पांढरं लुगडं नेसून सकाळी विहारात गेले. दाराशी सगळ्या बाया वाकून चपला काढत होत्या. मला काढायला काही नव्हतं. मी तशीच आत जाऊन बसले.