गळ्यातल्या फळीचा सूड

मी फळी बोलतेय. हातभर लांबीची, दोन्ही टोकांना भोकं आणि त्यातून ओवलेली सुतळी. मूळची मी एका कपाटाचा कप्पा. इस्त्रीचे कपडे अंगावर घेऊन सुखात होते. कपाट मोडलं आणि इंग्रजी संभाषण वर्गाच्या सरांनी मला उचललं. माझ्यावर रंगाने लिहिलं, 'मला इंग्रजी येत नाही.' तेही आपल्याच भाषेत, रस्त्यावरच्यांना वाचता यावं म्हणून.

वर्गात जो आपल्या भाषेत बोलेल, त्याच्या गळ्यात मी. दुसरं कोणी सापडेपर्यंत त्याने दाराबाहेर पायरीवर उभं राहायचं. मग काय, शिकणं राहिलं बाजूला, सगळे एकमेकांच्या तोंडावर टपून बसले.

एकदा शिंपीदादा बाहेर उभे होते. नर्सताईंना त्यांची दया आली. बुडालेला धडा त्यांनी दारात येऊन हळूच आपल्या भाषेत समजावला, तर शिंपीदादांनी त्यांनाच पकडून दिलं. त्यानंतर नर्सताई वर्गात तोंडच उघडेनाशा झाल्या.

मोठ्या दवाखान्यातल्या मुलाखतीतही त्या गप्पच राहिल्या. नोकरी हुकली. दुसऱ्या दिवशी पायरीवर शिंपीदादांनी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "सगळं येत होतं हो. पण तोंड उघडलं की कोणीतरी पकडेल असंच वाटत राहिलं."

सरांनी ते आपल्या भाषेतलं बोलणं ऐकलं आणि तेवढ्यासाठी मला नर्सताईंच्या गळ्यात घातलं. त्यांचा हुंदका माझ्या अंगाला कळला. त्याच क्षणी ठरवलं, या सरांना सोडायचं नाही.

पुढच्या वर्गाला सर माझ्या खुंटीखाली उभे राहून सांगत होते की स्वप्नंसुद्धा इंग्रजीतच पडली पाहिजेत. माझी सुतळी झिजलेली होतीच. मी ती तोडली आणि कडेवर, नेमकी त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर पडले.

"आई गं, मेलो," सर कळवळले.

नर्सताई उठल्या, सुतळीला गाठ मारली आणि मला सरांच्या गळ्यात घातलं. सर हसत म्हणाले, "पुरे झाली गंमत." हेही आपल्याच भाषेत. नर्सताईंनी दाराकडे बोट दाखवलं.

आत्ता कोणीतरी चुकेल या भरवशावर सर बाहेर गेले. पण आत सगळे इंग्रजीच बोलू लागले. मोडकं, तोडकं, पण थांबायचं नाव नाही. शिंपीदादांनी मापं घेण्यापासून काजं करण्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. नर्सताई तर अख्खी मुलाखत देताहेत, बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात.

"बाई, काढा हो आता हे," सर दारातून म्हणाले.

"नो, सर. नॉट येट."

येणारेजाणारे माझ्यावरची अक्षरं वाचतात आणि मग सरांच्या तोंडाकडे बघतात. मी होता येईल तेवढी जड झाले आहे. उद्या मला खुशाल चुलीत घाला, माझी ना नाही. पण आज दया येऊन कोणी ही गाठ सोडू नका. नर्सताईंचं बोलणं अजून संपलेलं नाही.