प्लास्टिकच्या आतून

मित्रांनो, मी एक जुनं सोशल सिक्युरिटी कार्ड आहे, म्हणजे नोकरी-पेन्शनसाठी लागणारा सरकारी नंबर छापलेलं कार्ड. अमेरिकेच्या सरकारनं माणसाला दिलेला शब्द म्हणजे मी. सरकारच्या या शब्दावर माझे मालक ऑर्विल टॅकेट दिवसभर बसतात, कारण माझा मुक्काम त्यांच्या पँटच्या मागच्या खिशातल्या पाकिटात असतो.

जन्मानं मी साधा कागद. तरुणपणी फडफडत होतो, घामानं भिजत होतो. ते त्यांच्या बायकोला, नादीनबाईंना, बघवेना. चर्चमधल्या यंत्रावर त्यांनी मला लॅमिनेट केलं आणि म्हणाल्या, "आता याला काही होणार नाही." माझ्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलं आहे, 'लॅमिनेट केल्यास ग्राह्य नाही.' ते वाक्यही तेव्हापासून अगदी सुरक्षित आहे. मी मात्र आत तळमळतो. कूस बदलायचीही सोय नाही.

कोळशाची खाण बंद पडली आणि मालकांना लाकडाच्या वखारीत काम मिळालं. नादीनबाईंच्या मधुमेहाच्या औषधांचा विमाही त्याच नोकरीतून होणार होता. पण इथे माणूस कामावर घेतला की तीन दिवसांत त्याची ओळख आणि काम करण्याचा हक्क दाखवणारे अस्सल कागद पाहून सरकारी फॉर्म भरावा लागतो. तिसऱ्या दिवशी वखारीच्या कारकून मिस बर्निस यांनी गाडीचं लायसन्स पाहिलं, मग मला उलटं केलं.

"हे चालणार नाही, ऑर्विल."

"मिस बर्निस, तुम्ही मला चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवलंय."

"म्हणूनच सांगते. तू पाठीमागचं कधीच वाचत नाहीस."

"माझा आजा त्या समोरच्या टेकडीत पुरलाय हो."

"आजाला कामावर घ्यायचं असतं तर बघितलं असतं. संध्याकाळपर्यंत दुसरा कागद आण. नाहीतर उद्या येऊ नकोस."

"कोणता आणू?"

"ते मी सांगायचं नाही, तसा नियम आहे. ही यादी. तूच निवड. मोठ्यानं वाच."

मालक वाचू लागले. 'शिक्का असलेला जन्माचा दाखला' येताच बाई खोकल्या. मालक पुढे वाचत गेले. बाई पुन्हा खोकल्या.

"सर्दी झालीय का?"

"नादीनला फोन कर," बाई म्हणाल्या.

दाखला घरी फ्रीझरमध्ये होता. आमच्या डोंगरात घराला आग लागली तर कागद तिथेच वाचतात, असा सगळ्यांचा भरवसा. वखार बंद व्हायच्या आत नादीनबाई धापा टाकत आल्या. पिशवीतला दाखला पापडासारखा ताठ होता. मिस बर्निसनी तो मऊ होईपर्यंत धरला, शिक्का चाचपला.

"खरा आहे. हरणाच्या मटणाचा वास येतोय, पण त्याला मनाई नाही."

त्यांनी सही केली. मालक खुर्चीत मटकन बसले, अर्थात माझ्यावरच.

नादीनबाईंनी दाखल्यावरून मायेनं हात फिरवला. "यालाही लॅमिनेट करून टाकू का?"

"नादीन," मिस बर्निस म्हणाल्या, "चर्चमधलं ते यंत्र उद्या माझ्याकडे आणून दे."

मित्रांनो, कागदांची काळजी घ्या, पण माया करण्याआधी त्यांची पाठ वाचा. आणि पाकिटात माझ्या शेजारी तळलेल्या कोंबडीचं मुदत संपलेलं कूपन आहे. दिवसभर स्वतःच्या सवलतीबद्दल बोलत असतं. तेवढं कुणीतरी काढून टाका.